फळ्यामागचे नरहरपंत

“विंग कुठं आहे?”

नरहरपंत शेवड्यांनी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हा. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, अंगकाठी किरकोळ, धुवट धोतर, वर काळा कोट आणि छातीशी धरलेलं एक कापडी गाठोडं.

“विंग नाही हो, पंत,” मी म्हणाले. “शाळेचा हॉल आहे हा. हे एवढं व्यासपीठ, मागं भिंत, बाजूला खिडक्या.”

“मग मी उभा कुठं राहू?”

“इथं, मधोमध. सगळ्यांना दिसाल असे.”

त्यांनी व्यासपीठाच्या मध्याकडे असं पाहिलं, जणू तिथं कुणी विहीर खणून ठेवली होती. मग चपला काढल्या, पायरीला हात लावून तो कपाळाला लावला आणि वर चढले. मला ते फार आवडलं. मनात म्हटलं, याला म्हणतात जुना नट!

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. मिरजेच्या त्या शाळेत मराठी शिकवायला लागून मला दुसरं वर्ष होतं आणि आपल्याला सगळं कळतं याबद्दल माझी बालंबाल खात्री होती. पुढं नोकरीच्या तीस-बत्तीस वर्षांत ती खात्री चांगलीच झिजली, पण तिला पहिला टवका गेला तो त्या शनिवारी सकाळी.

या सगळ्याला कारण झाली हॉलच्या कोपऱ्यातली पायपेटी. कुणी दानशूर गृहस्थांनी कधी काळी शाळेला दिलेला तो मोठा ऑर्गन, पायानं भाता हलवून वाजवायचा. कित्येक वर्षांत त्याला कुणी हात लावला नव्हता आणि आत उंदरांचा संसार थाटात चालू होता. मी हेडमास्तरांच्या, म्हणजे सबनीस सरांच्या मागं भुणभुण लावून तो दुरुस्त करून घेतला. दुरुस्तीला आले इस्माईलभाई. मिरजेत वाद्यं बनवणाऱ्यांची घरंच्या घरं आहेत, त्यांतले हे. तीन दिवस ते पेटीच्या पोटात डोकं घालून बसले आणि चौथ्या दिवशी त्यांनी एक सूर असा लावला की पाचवी ब चा सगळा वर्ग खिडकीशी गोळा झाला.

“हे काय आहे, बाई?” पोरांनी विचारलं.

मी म्हणाले, “संगीत नाटकात हे वाजायचं.”

“म्हणजे ऑर्केस्ट्रा?”

मला राग आला. मिरजेत, सांगलीच्या वेशीवर, जिथल्या हवेत नाटक होतं म्हणतात तिथल्या पोरांना संगीत नाटक म्हणजे ऑर्केस्ट्रा वाटावा! मी तिथल्या तिथं जाहीर केलं की मी तुम्हाला संगीत नाटक दाखवणार, आणि तेही हसून पोट दुखेल असं. जाहीर केल्यावर मग विचार केला की दाखवायचं कसं. माझं हे नेहमीचंच.

पेटीवरून हात न काढता इस्माईलभाई म्हणाले, “बाई, ‘संगीत पागोटेबदल’ ऐकलंय का नाव? मनोल्हास मंडळीचं. माझे वालिद, म्हणजे वडील, त्यात पेटी वाजवायचे. लोक हसून हसून खुर्चीवरून पडायचे. ते सगळं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, नरहरपंतांना पाठ आहे. ब्राह्मणपुरीत राहतात, पुतण्याकडं.”

त्याच संध्याकाळी मी ब्राह्मणपुरीत गेले. पंत एका अंधाऱ्या खोलीत खाटेवर बसले होते. मी काम सांगितलं, तसे ते ताठ झाले.

“तुम्ही त्या नाटकात होतात ना?” मी विचारलं.

“चाळीस वर्षं,” ते म्हणाले. “एक प्रयोग चुकवला नाही. बायको गेली त्या रात्रीसुद्धा उभा होतो.”

“आणि तुम्हाला सगळ्यांचीच कामं पाठ आहेत?”

“सगळ्यांची.” मग म्हणाले, “बाई, तुम्हाला सांगतो. दुसरी मंडळी नाटक उचलतील म्हणून आमच्या मालकांनी ते कधी छापलं नाही. एकच वही होती, ती माझ्याकडं. गेल्या पावसाळ्यात ट्रंक उघडली तर वाळवीनं तिचा भुगा केलेला. आता ‘पागोटेबदल’ आहे ते एवढ्यातच.” त्यांनी कानाजवळ बोट टेकवलं. “मी गेलो की संपलं.”

“मग मी लिहून घेते की!”

“घ्या. जरूर घ्या. पण कागदाचं काय होतं ते मी पाहिलंय.” त्यांनी गाठोडं सोडलं. आत दोन पागोटी होती, एक तांबडं, एक हिरवं. “हे कुणाच्या तरी कानात पडायला हवं. मुलं ऐकतील ना?”

“ऐकतील.”

“दीडशे-दोनशे मुलं. ऐकतील?”

“पंत, मी आहे ना!”

निघताना त्यांनी दारापर्यंत येऊन तिसऱ्यांदा तेच विचारलं. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की या माणसाला हार नको आहे, शाल नको आहे. पोरांनी ऐकावं, एवढं एकच त्याला हवं आहे, आणि ते मिळेल की नाही याची त्याला भयंकर भीती वाटते आहे.

सबनीस सरांनी शनिवारच्या सकाळच्या शाळेतले शेवटचे दोन तास दिले, पण एका अटीवर. “पाटणकरबाई, दंगा झाला तर मी तिथल्या तिथं वर्ग सोडीन. आणि हे नाटकाचं खूळ पुन्हा काढायचं नाही.”

“होणार नाही, सर,” मी ठासून सांगितलं.

तर तो शनिवार. पाचवी ते सातवीची एकशे ऐंशी मुलं सतरंज्यांवर दाटीवाटीनं बसली होती. मागं खुर्चीवर सबनीस सर. कोपऱ्यात पायपेटीशी इस्माईलभाई, जरीची टोपी घालून. मी माईकचा दांडा पंतांच्या पुढं आणला, तर ते दोन पावलं मागं सरकले.

“नको, नको. माईक नको. आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत जाईल.”

मला वाटलं, विनोद केला. जुना नट, उभा राहिला की पहाडी आवाज काढणार, त्याला माईकचा काय उपयोग! मी माईक काढून खिडकीशी नेऊन ठेवला आणि मुलांकडे वळले.

भाषण करायची हौस मला फार. तिसरी घंटा म्हणजे काय, पडदा उघडण्याआधी सगळी नटमंडळी मिळून नांदी कशी म्हणतात, ते सांगितलं. मग वन्समोअरची रीत सांगितली. “गाणं आवडलं की प्रेक्षकांनी ओरडायचं, ‘वन्समोअर!’ मग नाटक तिथंच थांबतं. राजा मरत असला तरी मरायचा थांबतो, उठून तेच गाणं पुन्हा म्हणतो आणि मग मरतो.” हे पोरांना एकदम पसंत पडलं. त्यांनी लगेच चार-पाच वेळा ‘वन्समोअर’ ओरडून बघितलं. सर खुर्चीत पुढं सरकले, तशी मी घाईनं समारोप केला. “तर आता चाळीस वर्षं रंगभूमी गाजवणारे ज्येष्ठ नट…”

पंतांनी माझ्या पदराला मागून हलकेच ओढ दिली. “बाई, तसं नाही हो…”

केवढा हा विनय! मी टाळ्या वाजवून खाली उतरले.

पंत मधोमध उभे राहिले. दोन्ही तळवे त्यांनी पोटासमोर जोडून उघडे धरले, प्रसाद घ्यायला धरतात तसे. नजर त्या तळव्यांवर. आणि ते बोलायला लागले.

म्हणजे ओठ हलताना दिसले. मी पहिल्या रांगेच्या कडेला, त्यांच्यापासून आठ-दहा फुटांवर होते, आणि मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. कान टवकारले तेव्हा कळलं की बोलणं चालू आहे, भराभर, एका सुरात, कुठं चढ नाही, उतार नाही, हातवारे नाहीत. नायक, नायिका, नोकर, सगळे एकाच पट्टीत.

दोन मिनिटं पोरं कौतुकानं बघत राहिली. पाच मिनिटांनी सतरंजीचे धागे निघायला लागले. मग मधल्या रांगेतून सातवीच्या इंदुमती खोतचा आवाज आला. ही इंदुमती हळू बोलली तरी मंडईपर्यंत ऐकू जायची, त्यासाठी रोज एकदा तरी बाकावर उभी राहायची. ती म्हणाली, “बाई, ह्यांचं काय ऐकूच येईना की!”

सगळा हॉल हसला. पंतांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनं सांगितलं, मोठ्यानं, मोठ्यानं. त्यांनी मान डोलावली, घसा साफ केला आणि पुन्हा तसंच सुरू केलं. उलट आवाज आणखी खाली गेला. आणि बोलता बोलता ते एक एक पाऊल डावीकडं सरकत होते. मधोमधून कडेला, कडेवरून भिंतीशी. शेवटी ते खिडकीच्या पडद्याआड अर्धे गेले आणि मग पोरांना आवरणं माझ्या हातात राहिलं नाही. कुणी शिट्टी मारली, कुणी ‘वन्समोअर’ ओरडलं, एक कागदी विमान येऊन पेटीवर बसलं. मागं सबनीस सर उभे राहिले.

पंतांच्या चेहऱ्याकडे माझ्यानं बघवेना. ते अजून बोलतच होते, पडद्याला धरून, मान खाली घालून. त्यांना सगळं कळत होतं, तरी थांबत नव्हते. मध्ये थांबणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

मी पेटीशी धावले. “इस्माईलभाई, काहीतरी वाजवा. यांचा आवाज गेला की काय?”

इस्माईलभाई माझ्याकडे बघतच राहिले. “बाई, आवाज कुठं जातोय! पंत तसेच बोलतात. प्रॉम्प्टर ना ते!”

“कोण?”

“प्रॉम्प्टर. विंगेत वही धरून उभे राहायचे. नट अडला की पुढचा शब्द सांगायचा. नटाच्या कानापर्यंत पोचला पाहिजे आणि पहिल्या रांगेला पत्ता लागता कामा नये. चाळीस वर्षं त्यांनी तेवढंच केलं. माझे वालिद म्हणायचे, सबंध महाराष्ट्रात असा प्रॉम्प्टर नाही, कुणाला कधी ऐकूच आला नाही. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे!”

“पण सगळं नाटक पाठ…”

“त्यांनाच असणार. नटाला फक्त स्वतःची वाक्यं लिहून मिळायची, नक्कल म्हणायचे तिला. आपली नक्कल पाठ करायची, बाकीच्याशी मतलब नाही. पुरं नाटक एकट्या प्रॉम्प्टरकडं.”

मी वळून पाहिलं. ते उघडे तळवे म्हणजे प्रसादाचे नव्हते. ती वही होती. आणि मी त्या माणसाला, ज्याची सगळी करामत ऐकू न जाण्यात होती, एकशे ऐंशी पोरांच्या पुढं मधोमध उभा केला होता, वर ‘रंगभूमी गाजवणारे’ म्हणून. माझे कान तापले. शरमेनं की रागानं ते आजही सांगता येणार नाही, पण एवढं नक्की की त्या क्षणी मी जे केलं ते विचार करून केलेलं नव्हतं.

शेजारच्या वर्गातला स्टँडवरचा काळा फळा मी फरफटत आणला आणि व्यासपीठाच्या डाव्या कडेला उभा केला. “पंत, ही घ्या तुमची विंग. जा आत.”

ते आत गेले. फळ्यामागं उभे राहिल्यावर त्या माणसाचे खांदे जे खाली आले, ते मी अजून विसरले नाही. बराच वेळ श्वास कोंडून धरलेल्यानं तो सोडावा, तसं झालं.

“आता नट द्या,” ते म्हणाले. फळ्यामागून त्यांचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.

“इंदुमती खोत, वर ये!” मी म्हणाले. शिक्षा आहे समजून ती मान खाली घालून आली. मी तिच्या डोक्यावर हिरवं पागोटं ठेवलं. “तू मुकुंद. नवरामुलगा.”

फळ्यामागून पंतांनी डोकं काढलं. “बाई, नायकाचं काम मुलगी करणार?”

“तुमच्या मंडळीत नायिकेचं काम कोण करायचं?”

“गोपाळराव.” ते क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि पहिल्यांदाच हसले. “बरोबर आहे. फिटंफाट झाली.”

तांबडं पागोटं मी सातवीच्याच एका मुलाला दिलं, तो झाला मुकुंदाचा दोस्त सदाशिव. नायिकेकडचा नोकर गणोबा म्हणून पाचवीतला जिनपाल मगदूम पुढं आला. हा मुलगा अतिशय आज्ञाधारक, सांगितलं ते अक्षरशः करणारा. त्याच्या हातात मी डस्टर ठेवलेली ताटली दिली आणि सांगितलं, हे लाडू. सर मागं उभेच होते. मी तिकडं बघितलंच नाही.

“फळ्यामागून आजोबा सांगतील तेच मोठ्यानं म्हणायचं,” मी तिघांना बजावलं. मग मुलांना थोडक्यात गोष्ट सांगितली. मुकुंद मुलगी पाहायला आलाय. तांबड्या पागोट्याचा तो नवरामुलगा, असं पत्रानं कळवलेलं आहे. पण मुलीकडची माणसं कशी आहेत ते गुपचूप पारखायला त्यानं आपलं तांबडं पागोटं दोस्ताला दिलं आणि दोस्ताचं हिरवं स्वतः घातलं. आता घरात पाहुणचार कुणाचा होणार?

“तांबड्याचा!” पोरं ओरडली.

इस्माईलभाईंनी पेटीवर तिसरी घंटा वाजवली आणि फळ्यामागून कुजबुज आली. ती मला दिसलीही, कारण मी फळ्याच्या कडेलाच उभी होते. पंत आता तळव्यांकडे बघत नव्हते. त्यांची नजर इंदुमतीच्या ओठांवर होती. तिचा शब्द संपायच्या अर्धा श्वास आधी ते पुढचा शब्द तिच्या कानात सोडत. ना लवकर, ना उशिरा. ती बुचकळली तर तोच शब्द पुन्हा, जरा हळू. आणि इंदुमती तो उचलून असा फेके की खिडकीच्या काचा थरथराव्यात. आयुष्यभर त्या मुलीला ‘हळू बोल’ सांगत आलेलो आम्ही! ज्याचा आवाज कुणाला ऐकू येत नव्हता आणि जिचा सगळ्यांना नको होता, त्या दोघांचं मिळून एक माणूस तयार झालं.

“मित्रा सदाशिवा,” इंदुमती गरजली, “या घरात मला अजून कुणी पाणीही विचारलेलं नाही!”

पोरं हसली. तेवढ्यात गणोबा आला. फळ्यामागून सूचना गेली, आणि जिनपालनं सांगितल्याप्रमाणे ती खणखणीत आवाजात म्हटली. “गणोबा ताट घेऊन येतो! डावीकडून! हिरव्याकडं ढुंकूनही बघत नाही! पाय घसरल्यासारखं कर!”

हॉल फुटला. मुलं एकमेकांच्या अंगावर पडली. जिनपालला काय चुकलं ते कळेना. फळ्यामागं पंत तोंडाला धोतराचा सोगा लावून हसत होते आणि हसता हसता बोटानं त्याला सांगत होते, हे नाही म्हणायचं, हे करायचं. जिनपालनं मान डोलावली आणि म्हणाला, “हे नाही म्हणायचं, हे करायचं!”

त्यानंतर पोरं जागची हलली नाहीत. तांबड्या पागोट्याच्या सदाशिवाला मिळणारा एकेक लाडू ती डोळ्यांनी मोजत होती, आणि प्रत्येक लाडवाला इंदुमतीचं तोंड जे वाकडं व्हायचं ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

मग पद आलं. भुकेला मुकुंद एका बाजूला होऊन गातो ते. इस्माईलभाईंनी चालीचा तुकडा वाजवला आणि थांबले. इंदुमतीनं शब्द उचलले आणि भाजी विकावी तसे म्हटले, “डोके माझे, पागोटे त्याचे!”

इस्माईलभाईंनी मान हलवली आणि तुकडा पुन्हा वाजवला. इंदुमती फळ्याकडे वळली. “आजोबा, चाल सांगा की!”

मी पंतांकडे पाहिलं. गाण्याचे शब्द त्यांनी हजारदा सांगितले असतील, पण चाल नटाला येतच असायची. शब्द कुजबुजता येतो, चाल गायलाच लागते, आणि गायली की ती पहिल्या रांगेला ऐकू जाणार.

“पंत,” मी म्हणाले, “मुलं ऐकतायत.”

इस्माईलभाईंनी तिसऱ्यांदा तुकडा वाजवला. या वेळी हळू, मान खाली घालून, कितीही वेळ थांबायची तयारी असल्यासारखा. आणि फळ्यामागून आवाज आला.

*डोके माझे, पागोटे त्याचे,*
*लाडू खाऊ मी कोण्या नावाचे?*

आवाज बारीक होता, वरच्या सुरावर थोडा झिजलेला. पण काय गायले पंत! मनोल्हास मंडळीत चाळीस वर्षांत सहा मुकुंद होऊन गेले, हे त्यांनी मला पुढं सांगितलं. त्या सहाही जणांच्या हरकती त्यांनी गळ्यात जपून ठेवल्या होत्या. एकाचा खट्याळपणा, एकाची तान, एकानं ‘लाडू’ शब्दावर गिळलेला आवंढा. विंगेत उभं राहून या माणसानं रोज रात्री किती प्रेमानं ऐकलं असेल! एकशे ऐंशी पोरं चिडीचूप. आवंढ्याला मात्र सगळी एकदम हसली, अगदी जिथं हसायला हवं तिथं.

पद संपलं. आणि मग माझं भाषण कामी आलं.

“वन्समोअर! वन्समोअर!”

पंतांनी सवयीनं उजव्या हाताचा अंगठा डाव्या तळव्यावरून फिरवला. नसलेल्या वहीचं पान मागं उलटलं. आणि इंदुमतीला कुजबुजत म्हणाले, “पद पुन्हा. ‘डोके माझे’पासून.”

“मी कुठं गायले, आजोबा? तुम्ही गायलासा! तुम्हालाच म्हणालेत ते!”

“प्रॉम्प्टरला वन्समोअर नसतो, बाळ.”

फळ्यामागून येईल ते मोठ्यानं म्हणायचं, हे इंदुमतीच्या आता अंगवळणी पडलं होतं. ती हॉलकडे वळली आणि सगळ्या मंडईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “प्रॉम्प्टरला वन्समोअर नसतो!”

मग पाचवी ब मधून कुणीतरी ओरडलं, “असतो!” आणि सगळा हॉल, “असतो! असतो!”

फळा कुणी सरकवला ते मला आठवत नाही, बहुधा जिनपालनं. पंत उघड्यावर उभे होते, तळवे पुढं धरून, आणि या वेळी ते कुठंही सरकले नाहीत. त्यांनी ते पद पुन्हा म्हटलं. आणखी एकदा म्हटलं. चौथ्यांदा पोरंच म्हणायला लागली आणि पंतांना फक्त पुढचा शब्द सोडावा लागला, अर्धा श्वास आधी. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. मी ती लपवलीही नाही.

सबनीस सर रांगांमधून पुढं येताना दिसले, तेव्हा मी मनाची तयारी केली. सर माझ्याजवळ येऊन थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “पाटणकरबाई, पुढं काय होतं? त्याला मिळतात का लाडू?”

“मला काय माहीत, सर! ते एकट्या पंतांना माहीत आहे.”

“अस्सं.” सरांनी घड्याळ पाहिलं, पंतांकडे पाहिलं. “मग पुढच्या शनिवारी बोलवा त्यांना.”

पंत ओळीनं अकरा शनिवार आले. मी वही घेऊन बसायची आणि लिहून घ्यायची, ती वही आजही माझ्या कपाटात डांबराच्या गोळ्यांत सुरक्षित आहे. पण पोरांनी लिहून काहीच घेतलं नाही. ती पार फळ्याला खेटून पंतांची कुजबुज नुसती ऐकायची, आणि नळावर, मैदानावर, डबे खाताना एकमेकांना नाटक सांगत सुटायची. त्या उन्हाळ्यात पंत गेले. त्याआधी, जानेवारीतल्या स्नेहसंमेलनात, आम्ही ‘संगीत पागोटेबदल’चा अख्खा प्रयोग केला. ते तेवढं सांगते आणि थांबते.

त्या दिवशी खरी विंग होती, चादरींची का होईना. पंतांना आता उभं राहवत नव्हतं, म्हणून आत खुर्ची ठेवली होती. तळवे मांडीवर उघडे. शेवटचा प्रवेश आला. सगळा घोटाळा उलगडलेला, लग्न ठरलेलं, मुकुंद दोस्ताला पागोटं परत करतो. इंदुमतीनं हिरवं पागोटं डोक्यावरून काढून हातात घेतलं, समोर भरलेल्या हॉलकडे पाहिलं आणि गप्प झाली. एकदम कोरी. तिचे डोळे विंगेकडे वळले.

पंत पुढं झुकले. ओठ उघडले.

पण त्यांचा शब्द निघायच्या आत तो दुसरीकडून आला. समोरून, अंधारातून, सतरंज्यांवर बसलेल्या पोरांकडून. ओरडून नाही, गलका करून नाही. त्यांनी अकरा शनिवार जसं ऐकलं होतं तसं, खालच्या आवाजात, एका सुरात, अर्धा श्वास आधी, दीडशे तोंडांनी एकदम:

“घे तुझं पागोटं, माझं डोकं मला पुरे…”

“घे तुझं पागोटं, माझं डोकं मला पुरे!” इंदुमतीनं वाक्य उचललं आणि हॉलभर फेकलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पंत खुर्चीत मागं टेकले. त्यांनी उघडे ओठ मिटले. मग मांडीवरचे दोन्ही तळवे हलकेच एकमेकांवर आणले. विंगेत शेजारी उभ्या असलेल्या नव्या चित्रकलेच्या बाई मला म्हणाल्या, “बघा हो, प्रेक्षकांना नमस्कार करतायत बिचारे.”

पेटीवरून इस्माईलभाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मी त्यांच्याकडे. आम्हा दोघांना कळलं होतं की तो नमस्कार नव्हता. पंतांनी वही मिटली होती.